पागोळीचं पाणी

ओलारे, नाव्हारा
३ नोव्हेंबर १९२५

लाडक्या लाली,

बापाचं पत्र बघून दचकू नकोस. घरात कुणी मेलेलं नाही. तू न्यूयॉर्कला गेल्यापासून तीन वर्षांत मी तुला दोन पत्रं लिहिली आणि दोन्ही चुलीत घातली. हे तिसरं उलटून वाचणार नाही, तसंच पोस्टमन सेव्हेरोच्या हातात देणार, म्हणजे पोचेल.

बातमी अशी की आपला मठ विकला गेला. तुमच्याकडच्याच कुणा श्रीमंताने घेतला. ओवऱ्या दगड दगड सुट्या करून बोटीने नेणार आणि आपल्या बंगल्याशेजारी उभ्या करणार म्हणे. माणसं अंगणात लिंबाचं झाड लावतात, हा मठ लावतोय.

उतरवायचं काम मला दिलंय. तुझी बिबियाना आत्या आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. मग बोलली ती एवढंच, "सातुर्निनो, तुझ्या हाताला खाज होती का?" काय सांगू तिला? मी नाही म्हटलं असतं तर परगावचे लोक पहारी घेऊन आले असते. मी निदान हाताने उतरवतो, निजलेलं मूल खाटेवरून उचलावं तसं.

प्रत्येक दगडावर लाल रंगाने आकडा घालायचा, गवतात गुंडाळायचा, पेटीत भरायचा. सातशे वर्षं एकमेकांना टेकून बसलेले दगड आता नंबराने ओळखायचे. चाळीस वर्षं मी त्या भिंतींची डागडुजी केली, पण त्या बांधणाऱ्यांची ओळख आत्ता झाली. दगडाच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाची नजर जाणार नाही तिथे, प्रत्येकाने आपली खूण कोरलीय. एकाचा मासा, एकाची चांदणी. मासेवाला डावरा होता. चांदणीवाला दुपारनंतर कामचुकारपणा करायचा. पण खांबांच्या माथ्यावरची पानं त्याचीच, आणि चौसष्ट खांबांत एक पान दुसऱ्यासारखं नाही.

दक्षिणेकडून सुरुवात केलीय. उत्तरेची ओवरी शेवटी.

तुझा बाप

*

न्यूयॉर्क
१ डिसेंबर १९२५

बाबा,

दोन पानं दगडांची लिहिलीत. माशाची लिहिलीत, चांदणीची लिहिलीत. आणि जे विचारायला हवं होतं त्याच्यासाठी एक ओळ: "उत्तरेची ओवरी शेवटी." मला काय कळणार नाही असं वाटलं?

उत्तरेला पन्हाळीच्या टोकाचा दगडी कुत्रा आहे. त्याच्या तोंडातून जिथे पाणी पडतं तिथे माझा मुलगा आहे.

तुम्ही विसरला असाल तर मी आठवण करून देते. फेब्रुवारीची सकाळ होती, बाहेर गुडघाभर बर्फ. महिनाभर आधीच तो आला. घरात तुम्ही आणि मी, आत्या गिरणीवर. तो मांजराच्या पिल्लाएवढा होता, पण श्वास घेत होता. मी म्हटलं, "बाबा, पेलाभर पाणी द्या, मीच घालते त्याच्या डोक्यावर." प्रसंग पडला तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं, हे चर्चमध्ये आपल्याला लहानपणीच घोकून घेतात. तुम्ही म्हणालात, "आधीच बिनबापाचं म्हणतील. निदान बाप्तिस्मा तरी रीतीने होऊ दे." आणि फादर इलारियोंना आणायला पलीकडच्या गावी गेलात. मला उठता येत नव्हतं. मडकं दाराशी होतं. ते मडकं मी दोन तास बघत होते.

तुम्ही फादरना घेऊन आलात तेव्हा तो गार झाला होता. मग फादर रीतीनेच वागले: बाप्तिस्मा नाही तर दफनभूमीत जागा नाही. मार्सेलो मोरोक्कोच्या लढाईत मेला, त्याचं प्रेतसुद्धा सापडलं नाही, तरी त्याच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सा झाली. त्याच्या मुलाला मात्र आत्याने ॲप्रनखाली लपवून मठात नेलं. तिच्या आधी गावातल्या कितीतरी बायांनी नेलं तसंच. पवित्र छपरावरून उतरलेली पागोळी लेकराच्या डोक्यावर पडत राहील आणि देव त्यालाच बाप्तिस्मा समजेल, एवढ्या आशेवर मी त्याला सोडून इथे धुलाईघरात चादरी उकळतेय.

आता तुम्ही तेच छप्पर उतरवताय. माझ्या मुलाला पाणी कोण घालणार?

एउलालिया

*

ओलारे
२ जानेवारी १९२६

लाली,

तुझं पत्र कोटाच्या खिशात आहे. बिबियानाला वाचून दाखवलं नाही.

मला बोलायला तोंड नाही, म्हणून जे झालं ते सांगतो. फादर इलारियोंकडे गेलो होतो. म्हटलं, छप्पर जातंय, आता तरी त्या लेकरांना दफनभूमीच्या कुंपणाच्या आत घ्या. आपलं एकटंच नव्हे, तिथे किती आहेत ते मोजायची कुणाची छाती नाही. फादर म्हातारे झालेत, रडायला लागले. म्हणाले, "सातुर्निनो, माझ्या हातात असतं तर." मी मनात म्हटलं, तुमच्या हातात नाही, माझ्या हातात होतं तेव्हा मी तुमच्याकडे धावलो. वा रे आपण दोघे!

पूर्व आणि दक्षिण रिकामी झाली. जिथे कमानी होत्या तिथून आता थेट डोंगर दिसतो. मेंढ्या येतात आणि सवयीने, जिथे दार होतं तिथूनच आत शिरतात. सरकारने साधूंना हाकललं तेव्हा माझे आजोबा तिथे मेंढ्या राखत होते. शेवटच्या म्हाताऱ्या साधूने कुलूप लावलं, किल्ली आजोबांच्या हातात दिली आणि म्हणाला, "आम्ही येतोच, तोवर तुझी जनावरं बांध." नव्वद वर्षं झाली. किल्ली आपल्याच घरात आहे. दार पेटीत गेलं.

सकाळी आठच्या सुमाराला उत्तरेच्या ओवरीत ऊन येतं, तुला आठवतं का? थंडीचं ऊन, पण दगड त्याने मधासारखे पिवळे होतात. तू लहान असताना तिथे बसून पाव खायचीस आणि चुरा कुत्र्याला घालायचीस. "बाबा, हा खातच नाही," म्हणून रडायचीस.

उत्तरेची ओवरी मार्चपर्यंत लांबवतो. तोवर काय करू ते तू सांग. या वेळी तू सांगशील ते करीन.

तुझा बाप

*

न्यूयॉर्क
३१ जानेवारी १९२६

बाबा,

सांगते. त्याला इकडे पाठवा.

मी पुष्कळ विचार केलाय. कुत्रा इथे येणार, छप्पर इथे येणार, तर तो तिथे उघड्यावर का राहील? त्याला कुत्र्याच्याच पेटीत ठेवा. गवत भरपूर घाला. कुणाला सांगू नका. मी इथे त्याची वाट बघीन. चार वर्षं मी काय केलं असेल ते केलं, पण त्याच्या जवळ गेले नाही. आता तोच येऊ दे.

पेटीचा नंबर कळवा.

लाली

*

ओलारे
३० मार्च १९२६

लाली,

तू म्हटलंस तसं केलं.

कुत्र्याचा दगड क्रमांक २२१७, पेटीवरही तोच. तुझ्या आईच्या लग्नातल्या रुमालात बांधून गवतात मधोमध ठेवलं. झाकणाचे खिळे मीच ठोकले. शेवटची बैलगाडी काल स्टेशनवर गेली, तिथून पासाहेस बंदर.

मठ होता तिथे आता खुंट राहिलेत, दात पडलेल्या तोंडासारखे. जास्त लिहीत नाही. खोकला आहे.

तुझा बाप

*

न्यूयॉर्क
१९ सप्टेंबर १९२६

प्रिय बाबा,

तुमचं पत्र मी रोज वाचते. एवढंसं आहे, तरी वाचते. २२१७ हा आकडा मला आता जपमाळेसारखा पाठ झालाय.

पेट्या आल्या! मी राहते तिथल्या मालकीणबाईंचा भाचा बंदरात हमाली करतो, त्याने सांगितलं. मी सुट्टी टाकून गेले. नदीपलीकडे मोठं गोदाम आहे, भोवती तारेचं कुंपण. पेट्यांची रास आपल्या घंटाघराएवढी. पहारेकऱ्याला म्हटलं, "माझ्या गावचा मठ आहे तो." तो हसला. म्हणाला, "बाई, मग कडेवर घेऊन जा." पण माणूस वाईट नाही. पुढच्या वेळी आत सोडीन म्हणाला.

मी तयारी केलीय. आपल्या लोकांच्या चर्चमधून पवित्र पाण्याची बाटली आणलीय. रविवारी जाते तेव्हा कुंपणाबाहेर बसून पाव खाते आणि चुरा तारेतून आत टाकते. लोक वेडी म्हणत असतील. म्हणू दे.

बाबा, खोकल्याला मध घ्या. आत्याला म्हणावं, अबोला पुरे. मी तुम्हाला जे जे लिहिलं ते विसरा असं म्हणत नाही, पण तुम्ही त्याला पाठवलंत, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

तुमची लाली

*

न्यूयॉर्क
२८ नोव्हेंबर १९२६

बाबा,

कसं लिहू ते कळत नाही. लिहिते तसं वाचा.

स्पेनात गुरांना लाळ्या-खुरकूत झालाय ना? बंदरावरच्या अधिकाऱ्यांनी ठरवलं की स्पेनहून आलेल्या गवतातून तो रोग इथल्या गुरांना होईल. त्यांनी सगळ्या पेट्या उघडल्या. सगळं गवत बाहेर काढलं आणि गोदामाच्या अंगणात जाळलं. एक काडी ठेवली नाही. दगड परत भरले ते मिळेल त्या पेटीत. म्हणजे आता तो मठ कुणालाही परत जुळवता येणार नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मी गेले तेव्हा आत जाळ चालला होता. मला वाटलं, कचरा जाळताहेत. थंडी खूप होती. मी कुंपणाला टेकून हात शेकले, बाबा. मला बरं वाटलं. मी हात उलटेपालटे करून शेकले.

मागच्या आठवड्यात पहारेकऱ्याने आत सोडलं आणि सगळं सांगितलं. त्याला काय माहीत तो कुणाला काय सांगतोय. कुत्रा भिंतीशी पडला होता. पोटावर लाल रंगात २२१७. रुमाल नाही, काही नाही. मी बाटलीतलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं. दुसरं कुणाच्या डोक्यावर ओतणार? मी त्याला आपल्या भाषेत हाक मारली, पण तो परक्यासारखाच बघत होता. लहानपणी तुमच्या खांद्यावर बसून मी जो तुटका कान धरायचे तो तुम्ही नीट केलेला दिसला. कशाला केलात? त्या कानाला धरून मला निदान रडता आलं असतं.

याच्यात तुमचा दोष नाही. मीच मागितलं होतं. तुम्ही म्हणाल ते ऐकायचं नाही, असं ठरवून मागितलं होतं. हात सारखे धुते, धुलाईघरात तेवढी सोय आहे.

लाली

*

ओलारे
२० डिसेंबर १९२६

लाली, पोरी, लाली,

आधी हे वाच, बाकीचं मग. तो जळला नाही. तो इथेच आहे. तू ज्याच्यावर हात शेकलेस ते आपल्या डोंगरातलं गवत होतं, नुसतं गवत. हात धुऊ नकोस आता.

मी खोटं लिहिलं होतं. पेटीत रुमाल ठेवलाच नव्हता.

मार्चमध्ये एका सकाळी मी कुत्र्याखालची जमीन उकरायला बसलो. वीतभर खणलं असेल. शेजारी रानगुलाबाचं झुडूप आहे, त्याची मुळं आडवी आली. केसांसारखी बारीक मुळं, आणि त्यांनी त्याला असं धरून ठेवलं होतं की त्याला काढायचं तर ती तोडावी लागली असती. आयुष्यभर मी पक्क्या जागी बसलेल्या गोष्टी उखडून काढल्या. ते मात्र हातून होईना. माती परत लोटली. तुला कळवायची हिंमत झाली नाही. तू म्हणाली असतीस, बाप पुन्हा आपलंच खरं करतोय. म्हटलं असतंस तर खरंच होतं ते.

मग कुत्रा तरी कसा जाऊ द्यायचा? मुकादमाकडे यादी होती, २२१७ हा दगड जायलाच हवा. म्हणून मी दुसरा घडवला. त्याच खाणीतला दगड, सहा रविवार गोठ्यात बसून. रविवारी छिन्नी धरली हे पाप फादरना सांगितलेलं नाही. जुना दिसावा म्हणून शेण आणि ताक चोळलं. मुकादमाने बघितला, टिचकी मारली, पास केला. सातशे वर्षांपूर्वी कुत्रा घडवणारा तो डावरा मासेवाला आणि मी, फरक कळला नाही त्याला! पण तुला कळला. आपल्याच हाताने घडवलेला कान फोडायला माझा हात धजला नाही, म्हणून शाबूत सोडला. एवढ्यातेवढ्या गर्वापायी तू रडलीस.

खरा, तुटक्या कानाचा, आपल्याजवळ आहे.

आता छपराचं. अमेरिकन माणसाला दगड हवे होते, कौलं नको होती. ती ढिगाने पडली होती. उत्तरेच्या बाजूला मी पुरुषभर उंचीची भिंत घालायला घेतली. कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बिबियाना आली, ॲप्रनमध्ये चार कौलं घेऊन. ठेवली, मला म्हणाली, "माझे दोन आहेत इथे. तुला कधी सांगितलं नाही." गेली. मग सेव्हेरोची आई आली. मग गिरणीवाली. एकही बाई रिकाम्या हाताने आली नाही, लाली. रांग लागली होती. मला माहीत नव्हतं गावातल्या इतक्या बायांची मुलं तिथे आहेत. इतकी वर्षं मी त्यांच्या घरांच्या भिंती बांधत होतो.

भिंतीवर ती कौलं घातली, पन्हळ केली, टोकाला कुत्रा बसवला. कौलं तीच, पाणी तेच, जागा तीच. मठ गेला तो गेला. साधू आले तर त्यांना द्यायला माझ्याकडे किल्ली आहे आणि एक कुत्रा आहे.

आता जे राहिलंय ते. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी घरातलं तेच मडकं घेऊन गेलो. झऱ्याचं पाणी भरलं. मेलेल्याला बाप्तिस्मा चालत नाही हे मला ठाऊक आहे, पण मी विचारायला कुणाकडे गेलो नाही. पेला भरला, हात पुढे केला आणि अडलो. त्याला नावच नाही. नाव ठेवायचा हक्क आईचा.

तू नाव कळव. मी पेला भरून ठेवतो. छातीत धूळ साचलीय, डॉक्टर मान हलवतो, पण पाथरवटाची छाती आहे, एक पत्र यायला काय लागतं?

तुझा बाप

*

ओलारे
५ फेब्रुवारी १९२७

अगं लाली,

मी बिबियाना आत्या. मला लिहिता येत नाही हे तुला ठाऊक आहे, मी बोलतेय आणि सेव्हेरो लिहितोय. त्याला म्हटलंय, मी बोलते तसंच लिही, पोस्टातली भाषा घालू नकोस.

तुझा बाप गेला. मंगळवारी सकाळी. शेवटचे आठ दिवस उठता येत नव्हतं, तरी रोज मला विचारायचा, "सेव्हेरो आला का? पेल्यात पाणी आहे का?" मी म्हणायची, "आहे रे बाबा, पेल्याला काय पाय फुटलेत?" सोमवारी मला जवळ बोलावलं. म्हणाला, "पत्र ज्या दिवशी येईल त्या दिवशी लगेच जा. फादरना विचारत बसू नकोस." मी म्हटलं, "मी तुझ्यासारखी नाही." त्यावर हसला. हसला, पोरी, खोटं नाही सांगत.

बुधवारी पुरला. गुरुवारी दुपारी सेव्हेरो तुझं पत्र घेऊन आला.

तो चुलीपाशी उभ्याउभ्याच वाचायला लागला. नावाशी आला आणि थांबला. म्हणाला, "आत्या, हे तर म्हाताऱ्याचंच नाव आहे. सातुर्निनो." मी म्हटलं, पुन्हा वाच. त्याने पुन्हा वाचलं. "माझ्या मुलाचं नाव सातुर्निनो. बाबा, रागावू नका, मला दुसरं कुठलं नाव सुचलं नाही." मग मी तिथेच बसले. दोन दिवस, लाली. दोन दिवस आधी आलं असतं तर!

पण सांगितल्याप्रमाणे उठले. सेव्हेरोला बरोबर घेतला, कारण बाप्तिस्म्याचे शब्द चुकायला नकोत. बर्फ वितळत होता, कौलांवरून पागोळ्या गळत होत्या, कुत्र्याच्या तोंडातून धार चालू होती. सेव्हेरोने टोपी काढली. मी गुडघे टेकले आणि पेल्यातलं पाणी तुझ्या लेकराच्या डोक्यावर घातलं. मोठ्याने म्हटलं, सातुर्निनो, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने. रानगुलाबाला आता कळ्या नाहीत, मे महिन्यात येतील, तेव्हा एक तुला पाठवीन.

पेल्यात थोडं पाणी उरलं होतं. ते मी दफनभूमीत नेलं आणि तुझ्या बापाच्या मातीवर ओतलं. त्यालाही सांगितलं काय नाव ठेवलंस ते. कुणाला विचारलं नाही.

तुझी आत्या